नावावर भांडून झाले, आता तळ्याकडे बघा

२०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्या वर्षी आपल्या तरुणांनी मोबाईलवर या विषयावर किती लिहिले, किती वाद घातले, किती जणांना ब्लॉक केले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण एवढे नक्की सांगता येईल, की त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढेही शब्द आपण फराहबागेच्या कोरड्या तलावावर खर्च केले नाहीत. सीना नदीच्या पात्रात रोज काय सोडले जाते, यावरही नाहीत. भातोडीचा तलाव कोणी बांधला, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीतही नाही.

नावाचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे माझे म्हणणे नाही. पाटीवरून नाव निघाले की त्या नावाशी जोडलेल्या माणसाला आपणच पुसले गेल्यासारखे वाटते. ते दुःख खरे आहे. पण वारसा पाटीवर राहत नाही. तो राहतो बांधलेल्या, खोदलेल्या, जपलेल्या गोष्टींत, आणि या जिल्ह्यात तो सगळ्यात जास्त पाण्यात राहिला आहे. ते पाणी आपल्या डोळ्यांदेखत आटले, बुजले, सडले. त्यावर ना हे चिडले, ना ते.

दोन नावे, एक वारसा

१४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी सैन्याचा पराभव केला आणि भिंगारजवळ, सीनेच्या काठी आपले शहर वसवायला घेतले. जागा पर्जन्यछायेतली. सह्याद्रीवर पाऊस सांडून रिकामे झालेले ढग इथे पोहोचतात. अशा ठिकाणी राजधानी उभी करायची तर आधी पाण्याचा विचार करावा लागतो, आणि निजामशाहीने तो केला. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर या बाजूंच्या उंच भागांतून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी शहरात आणले. ना पंप, ना वीज. फक्त उताराचा अंदाज आणि गवंड्याचा हात. हश्त बेहश्त बागेतला अष्टकोनी महाल तलावाच्या मध्यभागी बांधला गेला. १५८३ मध्ये मुर्तझा निजामशहाच्या काळात पूर्ण झालेला फराहबाग महालही भोवताली पाणी धरून उभा होता.

शाह डोंगरावर जी कबर आहे, तिला आपण सगळे चांदबिबीचा महाल म्हणतो आणि तिथे जाऊन फोटो काढतो. ती चांदबिबीची नाही, सलाबतखानाची आहे. मुर्तझा निजामशहाचा हा वजीर. मेहेकरी नदीवरचा भातोडीचा तलाव त्याच्याच नावावर सांगितला जातो. त्याच तलावाने १६२४ मध्ये इतिहास घडवला. मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून पाणी सोडले, वाट चिखलाने भरून टाकली आणि त्या मोठ्या सैन्याला अडकवून हरवले. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. या दोन भावांची नावे नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवलेली होती. ज्यांना नगरच्या इतिहासाचे सरळ दोन तुकडे करायचे आहेत, त्यांनी भातोडीच्या काठावर जरा वेळ बसावे.

आता दुसरे नाव घ्या. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्यांनी देशभर बांधलेल्या गोष्टींची यादी काढली तर काय सापडते? देवळे आहेतच, पण त्यांच्या जोडीला विहिरी, बारव, कुंड, घाट, पाणपोया. वाटसरूची तहान हा त्यांच्या राज्यकारभाराचा भाग होता. म्हणजे ज्या दोन नावांवरून आपण एकमेकांची तोंडे बघेनासे झालो, त्या दोन्ही नावांनी मागे ठेवलेली मोठी मिळकत एकच आहे: पाणी.

चौंडी सीनेच्या काठी आहे. नगर शहरही सीनेच्याच काठी आहे, पण वरच्या बाजूला. शहराचे सांडपाणी ज्या नदीत जाते, तीच नदी खाली अहिल्यादेवींच्या जन्मगावाजवळून वाहते. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीला झाली. त्रिशताब्दीच्या निमित्ताने घोषणा झाल्या, जुने जलस्रोत दुरुस्त करण्याचेही ठरले. चांगले आहे. पण वरून येणारी घाण थांबवायची नसेल, तर खालचा घाट धुऊन काय साधणार? अहिल्यादेवींच्या नावाचा अभिमान आणि त्यांच्या नदीत गटार, हे दोन्ही एकाच शहराला शोभत नाही. आणि निजामशाहीच्या नावासाठी डोळ्यांत पाणी, पण फराहबागेच्या तलावात पाणी नाही याचे काही वाटत नाही, हे आपल्यालाही शोभत नाही.

कोणी म्हणेल, ते तलाव तर सुलतानांच्या चैनीसाठी होते. काही होते. महालाभोवतीचे पाणी शेतकऱ्यासाठी नव्हते, आणि ते बांधताना कुणाचे खांदे झिजले याची नोंद तवारिखीत सहसा मिळत नाही. पण चैनीसाठी अडवलेले पाणीसुद्धा जमिनीत मुरते आणि शेजारच्या विहिरीत निघते. कोणासाठी अडवले, हे पाण्याला कळत नाही. आज तर तलाव कोणा सुलतानाचे राहिलेले नाहीत, ते आपल्या सगळ्यांचे आहेत. मग आपल्या मालकीच्या काळात ते जास्त चांगले असायला हवे होते की नाही?

तळे नेमके काय करते

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकाला वाळूसारखी भुसभुशीत पोकळी नसते. पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. पाऊस पडतो मोजके दिवस, तोही जोराचा, आणि उतारावरून पळून जातो. त्याला थांबवून, भेगांत शिरायला वेळ देणारी जागा म्हणजे तळे. पाझर तलाव, गावतळे, बंधारा, डोह, ओढ्यातली वाळू हे सगळे त्याच कामाचे. नदीतली वाळू उपसून नेली की पाणी धरणारा स्पंजच गेला. मुळा, प्रवरा, गोदावरीकाठच्या गावांना हे सांगायची गरज नाही, तिथल्या विहिरींनी ते कधीच सांगितले आहे.

तळ्याचे दुसरे काम पुराच्या वेळी दिसते. मोठ्या पावसात ते पाणी पोटात घेते आणि हळूहळू सोडते. तळे बुजवले तर ते पाणी नाहीसे होत नाही, ते वस्तीत शिरते. तिसरे काम गाळण्याचे. काठावरची लव्हाळी, पाणवनस्पती आणि चिखलातले सूक्ष्म जीव पाण्यातली थोडी घाण पचवतात. थोडीच. शहराचे सगळे सांडपाणी सोडले की साबणातले फॉस्फेट आणि मैल्यातला नत्र खाऊन जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, डास वाढतात आणि लोक म्हणतात, ही घाण बुजवूनच टाका. आधी तळे आजारी पाडायचे आणि मग आजाराचे कारण देऊन पुरून टाकायचे, असा हा क्रम आहे.

पक्ष्यांचे बोलायचे तर नाथसागराचा जो फुगवटा शेवगाव तालुक्यापर्यंत येतो, तो जायकवाडी पक्षी अभयारण्याचा भाग आहे. थंडीत हजारो मैलांवरून पाहुणे तिथे उतरतात. पाखरे बघणे हा रिकामटेकड्यांचा छंद नाही. पाखरू जिथे उतरते तिथे मासा आहे, किडा आहे, म्हणजे पाणी जिवंत आहे. त्यांनी येणे थांबवले तर प्रयोगशाळेत न जाताही पाण्याची परीक्षा झाली असे समजावे.

“आपल्याकडे धरणे आहेत ना!”

आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुळा धरण २६ टीएमसीचे आहे, नगर शहर त्याच धरणातून उपसलेले पाणी पिते. निळवंडेच्या कालव्यांत पाणी यायला पन्नास वर्षे लागली, पण २०२३ मध्ये तेही आले. तरीही उन्हाळ्यात टँकर का लागतो?

धरण कालव्याच्या पट्ट्याला पाणी देते. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना निघाला, उसाचे अर्थकारण उभे राहिले, त्याने हजारो घरे वर आणली हे मान्य. पण त्याच जिल्ह्यात पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जतचे माळ कोरडेच राहिले. शिवाय धरणातले पाणी फक्त आपले नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटप आले, आणि कमी पावसाच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागते. दर वेळी नगर–नाशिक विरुद्ध मराठवाडा असा संघर्ष पेटतो. धरण हे भांडणाचे पाणी आहे. गावचे तळे गावाला कोणाशी भांडायला लावत नाही, फक्त गाळ काढायला लावते.

“मग शेततळी आहेत,” असे पुढचे उत्तर येते. शेततळ्यातले पावसाचे पाणी शेतकऱ्याला आधार देते यात शंका नाही. पण खाली प्लास्टिकचा कागद अंथरून, बोअरने जमिनीतले पाणी उपसून ते उन्हात भरून ठेवायचे, याला जलसंधारण कसे म्हणायचे? कागदामुळे एक थेंब मुरत नाही, आणि वरून वाफ होऊन जाते ते वेगळेच. सगळ्यांच्या जमिनीखालचे सामायिक पाणी एकाने उचलून आपल्या नावाच्या डबक्यात ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. पाझर तलाव बरोबर उलट करतो. तो उघड्यावरचे पाणी जमिनीखाली पाठवतो आणि तिथे ते कोणाची जात, धर्म, सातबारा विचारत नाही.

याच जिल्ह्याने वेगळा रस्ता दाखवून दिला आहे. राळेगणसिद्धी झाले, मग हिवरे बाजार. हिवरे बाजारला ना मोठे धरण आहे ना बारमाही नदी. तिथे समतल चर खोदले, बांध घातले, आणि त्याहून अवघड गोष्ट केली ती म्हणजे स्वतःवर नियम घातले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस लावायचा नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पीक ठरवायचे. लोक तिथे सहलीला जातात, भारावून परत येतात आणि आपल्या गावात पाचशे फुटांचे बोअर घेतात.

कायद्याच्या जाळ्यातले भोक

पाणथळ जागांसाठी भारतात २०१७ चे नियम आहेत. रामसर करारावर भारताची सही १९८२ पासून आहे. हे ऐकून बरे वाटते. पण नियमांतली व्याख्या वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित तलाव त्यातून वगळले आहेत. आता नगर जिल्ह्यात निसर्गाने आपणहून केलेले तलाव किती? इथे जे आहे ते बहुतेक माणसाने बांधलेले, आणि बांधले ते पिण्यासाठी किंवा शेतीसाठीच. म्हणजे ज्या दुष्काळी मुलखाला या संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच व्याख्येच्या बाहेर पडतो.

हे किती विसंगत आहे ते पाहा. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर, २०२० मध्ये जाहीर झाले. ते काय आहे? इंग्रजांच्या काळात गोदावरीवर बांधलेला बंधारा. सिंचनासाठी बांधलेला. त्याच्या कालव्यांवर आपल्या जिल्ह्यातल्या कोपरगाव–राहात्याची शेती उभी राहिली. माणसाने सिंचनासाठी बांधलेले पाणी जगाच्या महत्त्वाचे ठरू शकते, मग भातोडी, कापूरवाडीचे पाणी निदान जिल्ह्याच्या महत्त्वाचे का ठरू नये? भोपाळचा मोठा तलावही राजा भोजाने बांधवलेला मानला जातो, आणि तोही रामसर यादीत आहे.

केंद्राने देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना केली, तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. देशात २४,२४,५४० जलसाठे, त्यांतले ९७,०६२ महाराष्ट्रात. देशभरातल्या ३८,४९६ साठ्यांवर अतिक्रमण. टक्केवारी काढली तर दीडच्या आसपास येते आणि कोणालाही वाटेल की चिंतेचे कारण नाही. पण जे तळे पूर्ण बुजून त्यावर प्लॉट पडले, ते अशा यादीत येणार तरी कसे? मोजणी उरलेल्यांची होते, गेलेल्यांची होत नाही.

फराहबागेला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. ते भिंतीला आहे. ज्या पाण्यामुळे त्या भिंतीला अर्थ होता ते पाणी ज्या वाटांनी येत होते, त्या वाटांचे रक्षण कोणाकडेही नाही. पाण्याशिवाय फराहबाग म्हणजे ओटीवर ठेवलेली रिकामी सुरई.

“आपल्यापुढे मोठे प्रश्न आहेत”

हा आक्षेप आपल्याच घरातून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. शिक्षण, नोकरी, सुरक्षितता, वक्फच्या जमिनी, रोज नवा द्वेष. अशा वेळी तळ्याचे कसले घेऊन बसलात?

कारण तळे हा गरिबाचा हिस्सा आहे. ज्याच्याकडे वीस एकर आहे तो बोअर घेईल, ते आटले तर आणखी खोल जाईल, तेही आटले तर टँकर विकत घेईल. गावातला मुलाणी, तांबोळी, पिंजारी, अत्तार यांच्याकडे किती जमीन आहे? ज्याच्याकडे विहीर नाही त्याची शेळी गावतळ्यावरच पाणी पिते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन, खडी फोडून, डोक्यावर पाटी वाहून ज्यांनी पाझर तलाव उभे केले, त्यांत आपलेही आजी-आजोबा होते. निजामशहाचा वारसा सांगायला आवडतो. त्या पाटीचा वारसा सांगायला लाज कसली?

शहरात हीच गोष्ट वेगळ्या रूपाने येते. गरिबाला परवडणारा प्लॉट सखल जागीच मिळतो: ओढ्याकाठी, तळ्याच्या पोटात, पूररेषेच्या आत. भराव टाकणारा टाकतो, नोटरीवर विकणारा विकतो आणि निघून जातो. दहा वर्षांनी पाणी घरात शिरते ते विकत घेणाऱ्याच्या. आणखी पाच वर्षांनी अतिक्रमण म्हणून बुलडोझर येतो तोही त्याच्याच दारात. भराव टाकणाऱ्याच्या बंगल्यापर्यंत तो कधी पोहोचत नाही. म्हणून तळ्याची हद्द आजच कायम करून घेणे ही आपल्या वस्तीच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे. तळ्यावर पहिला ट्रक मातीचा येतो त्या दिवशी बोललो तर एकही घर मोडावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामायिक जागा मोकळ्या करायला सांगितल्या, तो वादही पंजाबातल्या एका गावतळ्याचाच होता. भूमिहीनांना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात आहे. हे दोन्ही आपल्याला पाठ असायला हवे.

आणि दीनाचे म्हणाल, तर पाणी, चराई आणि आग यांवर सगळ्यांचा सामायिक हक्क सांगणारी हदीस प्रत्येकाने ऐकली आहे. मदिनेत पाणी विकले जात होते तेव्हा हजरत उस्मान यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांसाठी मोकळी केली. वाहत्या नदीकाठीही वुजूला जास्त पाणी वापरू नये, साचलेले पाणी घाण करू नये, हे आपण मुलांना शिकवतो. मग सदका-ए-जारिया म्हणून मशिदीला पंखा देणारे हात तळ्याच्या गाळाला का लागत नाहीत? पंख्यावर नाव लिहिता येते आणि गाळावर येत नाही, हे तर कारण नसेल?

आता काय करायचे

घोषणा नकोत. पाच कामे सांगतो.

पहिले, आपल्या गावातल्या किंवा वस्तीजवळच्या एका तळ्याचा गट नंबर शोधा, सातबारा आणि गाव नकाशा काढा. कागदावर किती क्षेत्र आहे आणि डोळ्यांना किती दिसते, यातला फरक लिहून काढा.

दुसरे, ग्रामसभेत किंवा वॉर्डात भूमी अभिलेखकडून हद्द मोजून घेण्याचा ठराव मांडा. ठराव लेखी द्या, पोच घ्या.

तिसरे, नगर शहरातल्या मुलांनी माहितीच्या अधिकारात विचारावे: सीनेत रोज किती सांडपाणी सोडले जाते, त्यातले किती प्रक्रिया करून, आणि पूररेषेच्या आत किती बांधकामांना परवानगी दिली.

चौथे, स्वतःच्या दारापासून सुरुवात. मशिदीच्या छताचे पावसाचे पाणी आणि वुजूचे पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांना गेले पाहिजे. कुर्बानीनंतरचे काही ओढ्यात दिसता कामा नये. दुसऱ्याच्या निर्माल्यावर बोलायचे असेल तर आधी एवढे करावे लागेल.

पाचवे आणि सगळ्यात महत्त्वाचे, हे एकट्याने करू नका. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारची योजना २०१७ पासून आहे. तळ्यातला गाळ शेतकऱ्याच्या शेतात जातो, तळे खोल होते. त्यासाठी गाव एकत्र लागते. अहिल्यादेवींना मानणाऱ्या धनगर समाजाच्या मुलाकडे जा. त्याच्या मेंढ्यांनाही पाणी हवे आहे, आणि तुमच्या शेळ्यांनाही. त्याला म्हणा, एकच अर्ज करू. त्यात दोन मागण्या असतील: फराहबागेच्या तलावाच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करा, आणि चौंडीला जाणारी सीना स्वच्छ करा. खाली तुझी सही आणि माझी सही.

त्या अर्जावर जिल्ह्याचे नाव काय लिहायचे ते तुम्ही दोघे ठरवा. तलावाला त्याने फरक पडत नाही. त्याला पाणी मिळाले पाहिजे.